माळढोकाची अंडी आणि थंडीतले हिसके

गिरिजाच्या तळहातावर एक लाकडी अंडं होतं आणि त्या अंड्याच्या पोटातला बारीकसा दिवा लाल झाला होता.

"परत लाल," ती म्हणाली.

तिची आई, डॉक्टर शैलजा, पिकअपच्या स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. गाडी होती तशीच चांगली दिसत होती. काल दुपारी याच गाडीने, याच रस्त्यावरून, याच लाकडी अंड्याला फिरवून आणलं होतं, तेव्हा दिवा हिरवा होता. आज सकाळी लाल. परवाही सकाळी लाल, दुपारी हिरवा आणि सूर्य कलल्यावर परत लाल. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाऱ्याही त्याच. मग सकाळ-संध्याकाळ गाडीच्या अंगात काय येत होतं?

ही गोष्ट आजपासून वीस-पंचवीस वर्षांनंतरची. तोपर्यंत दख्खनच्या माळरानावरून माळढोक पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. उरलेल्या थोड्या पक्ष्यांची अंडी जपून उबवायची, पिल्लं वाढवायची आणि ती पुन्हा माळावर सोडायची, असं काम एका उजाड पठाराच्या कडेला असलेल्या केंद्रात चाले. शैलजा त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. दिवाळीच्या सुट्टीत गिरिजा आईकडे आली होती आणि तिच्याबरोबर आले होते अण्णा, म्हणजे आईचे वडील. अण्णांनी सगळा जन्म गाड्यांचे गिअरबॉक्स आखण्यात घालवला होता. आता रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या विजेवर चालत. त्यांना गिअर बदलावे लागत नाहीत, त्यामुळे अण्णांची विद्या विचारायला फारसं कोणी येत नसे.

केंद्रातली पिकअप मात्र जुन्या चालीची होती. उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर चालणारी आणि आपले गिअर आपणच बदलणारी. विजेच्या गाडीचं चार्जिंग पठाराच्या पलीकडे पोचण्याआधीच संपे आणि वाटेत ते करायची सोय नव्हती. ड्रोन पाठवावा तर पठारावरचा वारा त्याला पाचोळ्यासारखा भिरकावून देई. तेव्हा अंडी न्यायची तर पिकअपमधूनच. तिच्या मागच्या भागात स्प्रिंगांवर तोललेली ऊबपेटी (अंड्यांना कोंबडीच्या पोटाखाली मिळते तेवढी ऊब देणारी पेटी) बसवलेली होती. खऱ्या अंड्यांआधी तिच्यात लाकडी अंडं ठेवून गाडी फिरवून बघत; जोराचा हिसका बसला की त्याचा दिवा लाल होई.

तीन अंडी परवा सकाळी निघायला हवी होती. पठारापलीकडे नवं केंद्र उभं राहिलं होतं. तिथे पिल्लांना माणूस दिसत नाही. पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराचा हातमोजा घालून त्यांना भरवतात. याचं कारण म्हणजे ठसा (जन्मल्यावर जे पहिलं दिसेल त्याला पिल्लू आपलं मानतं, ती सवय). अंडी इथेच फुटली, तर पिल्लं माणसालाच आपलं समजतील आणि जन्मभर पिंजऱ्यात राहतील. आणि अंडी फुटायला आता फार दिवस उरले नव्हते.

"हिसक्याने आतलं पिल्लू दगावू शकतं," शैलजा म्हणाल्या. "दिवा लाल असताना मी खरी अंडी या गाडीत ठेवणार नाही. आणि इथेच ठेवून दिली, तरी ती हातची गेलीच."

अण्णांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला. "पानाला बोलाव," ते गिरिजाला म्हणाले.

पाना हा केंद्रातला दुरुस्तीचा यंत्रमानव. बुटका, दोन चाकांवर चालणारा, दोन लांब हात आणि छातीवर पडदा. त्याने गाडीच्या स्टिअरिंगखालच्या जोडणीत आपली तार अडकवली, क्षणभर थांबला आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाला, "गिअरचं प्रमाण जुळत नाही, अशी नोंद आहे. इंजिनाकडून येणारे फेरे आणि चाकांकडे जाणारे फेरे यांचा मेळ बसत नाही. बहुधा क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. गिअरबॉक्स बदलावा. नवा यायला दोन आठवडे लागतील."

"दोन आठवडे!" गिरिजा ओरडली. "तोवर तर पिल्लं चालायला लागतील!"

"थांब," अण्णा म्हणाले. "कुणीतरी 'दुखतंय' म्हणून ओरडलं, एवढंच पानाने सांगितलं. का दुखतंय, हे त्याला अजून कळलेलं नाही. पाना, राग नाही ना आला?"

"मला राग येत नाही," पाना म्हणाला.

अण्णांनी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली. इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे गाडी उभी करण्याच्या जागी ठेवला. बॉनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घातली आणि परत काढली. मग तिच्या टोकाचा एक थेंब कागदी रुमालावर टिपला आणि रुमाल गिरिजाच्या नाकाजवळ नेला.

"कसला वास येतो?"

"तेलाचा."

"जळका?"

"नाही."

"रंग?"

"लालसर. कोकमाच्या सरबतासारखा."

"मग चकत्या झिजलेल्या नाहीत," अण्णा म्हणाले. "झिजल्या असत्या तर त्यांची काजळी याच तेलात उतरली असती. तेल काळं झालं असतं आणि भाजल्याचा वास आला असता. आणि पातळी बरोबर आहे, म्हणजे तेल कमीही नाही."

गिरिजाला प्रश्न पडला. "पण अण्णा, गिअर आपोआप बदलतात म्हणजे नेमकं कोण बदलतं?"

अण्णा गाडीच्या पायरीवर बसले. त्यांच्या गुडघ्यांना उभं राहणं फार वेळ सोसत नसे. "दोन माणसं रांगेत उभी राहून भरलेली घागर पुढे देतात, बघितलंयस?"

"हो."

"पहिल्याने नेमकी कधी सोडायची?"

"दुसऱ्याने धरली की."

"लवकर सोडली तर?"

"फुटेल."

"आणि दुसऱ्याने धरल्यावरही सोडली नाही तर?"

"ओढाताण होईल. पाणी हिंदकळेल."

"झालं, हाच गिअरबॉक्स. आत दोन-चार क्लच (चकत्यांची जोडी घट्ट दाबून फिरणं पुढे देणारा भाग) असतात. दुसऱ्या गिअरचा क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी तिसऱ्याचा धरायचा. चकत्या दाबायचं काम तेल करतं. तेलाची वाट उघडायला विजेवर चालणाऱ्या झडपा असतात. आणि झडपा कधी उघडायच्या हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याला फक्त निरोप येतात. पाय पेडलवर किती दाबलाय, तेल किती गरम आहे, इंजिन आणि चाकं किती वेगाने फिरताहेत. एवढेच निरोप. त्यावर तो बिचारा सगळं ठरवतो."

"मग सकाळी ओढाताण का होते?"

"सकाळी काय असतं?"

"थंडी!" गिरिजाने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "थंडीत तेल घट्ट होतं. आईचं खोबरेल तेल बघा, सकाळी बाटलीतून निघतच नाही. घट्ट तेल झडपेतून उशिरा जातं, क्लच उशिरा धरला जातो आणि हिसका बसतो!"

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या मनात हेच होतं. "शाबास. मग उपाय सोपा. उद्या पहाटे आधी गाडी रिकामी फिरवायची, तेल चांगलं गरम होऊ द्यायचं आणि मग अंडं ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पठारावर धुकं होतं आणि बोटं वाकत नव्हती. शैलजांनी गाडी लांबवर फिरवून आणली. पानाच्या पडद्यावर तेलाचा पारा दुपारी असतो तितका चढला. मग गिरिजाने लाकडी अंडं ऊबपेटीत ठेवलं आणि ती पेटीशेजारच्या छोट्या बाकावर पट्टा लावून बसली. गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा. आणि तिसरा पडताना गाडीने असा हिसका दिला की गिरिजाचे दात एकमेकांवर आपटले.

दिवा लाल.

परत आल्यावर अण्णा चहाचा कप हातात धरून गाडीकडे बघत बसले होते. गिरिजाला वाटलं, आता ते चिडणार.

"चुकलो," ते म्हणाले. "तेल गरम होतं आणि तरी हिसका बसला. म्हणजे तेलाचा यात दोष नाही."

"तुम्ही चुकलात?" गिरिजाला हे जरा अवघड गेलं.

"तूही चुकलीस की. चुकीचं उत्तर पुसून टाकलं की उरलेल्यांत शोधायला कमी राहतं. आता नीट ऐक. थंडीत बाहेर गार होतं, तेलही गार होतं. दोन्ही एकत्र येत होती म्हणून आपण एकाचा आळ दुसऱ्यावर घातला. आज आपण त्यांना वेगळं केलं. तेल गरम, बाहेर गार, आणि हिसका आहेच. मग बाहेरच्या गारव्याने गाडीत आणखी काय बदलतं?"

गिरिजा विचार करू लागली. टायर? पण टायर तर चालून गरम झालेच होते. काच? काचेवर दव होतं, त्याचा गिअरशी काय संबंध? तिने डोळे मिटले आणि मघाचा फेरा पुन्हा आठवून पाहिला. बाक, पट्टा, धुकं, पेटीचा घूं घूं आवाज...

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "मघाशी हिसक्याच्या आधी पेटी घुमत होती."

"कसली पेटी?"

"ऊबपेटी. तिचा हीटर. बाहेर थंडी असली की तो सारखा चालू होतो. दुपारी तो चालूच होत नाही, कारण पेटी आपोआप गरम राहते. थंडी तेलाला बाधत नाही, अण्णा. थंडी पेटीला बाधते!"

शैलजा हसल्या, पण ते हसू थकलेलं होतं. "गिरिजा, पेटी मागे आहे आणि गिअरबॉक्स पुढे, गाडीच्या पोटात. पेटीचा नि गिअरचा एकमेकांशी काही संबंध नाही."

"नसेलही," अण्णा उठून उभे राहिले. "करून बघायला काय जातं? पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही."

दुपारी ऊन कडक तापलं. तेल गरम, हवा गरम, म्हणजे दिवा हिरवाच राहायला हवा अशी वेळ. गिरिजाने पेटीचा तापमानाचा काटा मुद्दाम वर चढवला. पेटी घुमू लागली. गाडी निघाली आणि तिसऱ्या गिअरला हिसका बसला. भर दुपारी, पहिल्यांदाच.

मग गाडी सावलीत उभी ठेवली. सूर्य कलला, वारा सुटला, तेल पार गार झालं. आता उलटं करायचं होतं. थंड हवा, थंड तेल, पण हीटर बंद. गिरिजाने स्वतः जाऊन बटण खाली केलं. गाडी निघाली. गिअर जरा आळसावून पडले, पण पडले ते अलगद, घागर एका हातातून दुसऱ्या हातात जावी तसे.

दिवा हिरवा!

शैलजा गाडीतून उतरल्या आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग लगेच त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण मग हे जास्तच वाईट झालं. हीटर चालू ठेवला तर हिसके, बंद ठेवला तर अंडी गारठणार."

"पाना," अण्णा म्हणाले, "गाडीला येणारे निरोप पडद्यावर दाखव. आणि गिरिजा, तू हीटर चालू-बंद कर."

शैलजांनी गाडी एका संथ वेगाने चालवली. पडद्यावर चाकांच्या वेगाची रेघ सुतासारखी सरळ होती. गिरिजाने हीटर लावला आणि रेघ थरथरू लागली. बंद केला, तशी सरळ झाली.

"चाकं तर तशीच फिरताहेत," गिरिजा म्हणाली.

"हो. पण संगणकाला निरोप चुकीचा जातोय. तो आंधळा, निरोपावर विश्वास ठेवणारा. त्याला वाटतं गाडीचा वेग मध्येच बदलला. म्हणून तो नको त्या क्षणी क्लच धरतो. गिअरबॉक्स शहाणा आहे, त्याला खोटं सांगितलं जातंय."

गाडी उभी करून सगळं बंद केल्यावर पाना पाठीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. त्याच्या कपाळावरचा दिवा लागला. गिरिजाही चटईवर पालथी पडून बघू लागली. अण्णा बाहेरून सांगत होते.

"बॅटरीतून वीज तारेने निघते. तिला परत यावंच लागतं, नाहीतर काम होत नाही. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंगच. ठिकठिकाणी तारा अंगाला बोल्टने जोडलेल्या असतात. बघ, चाकांचा वेग सांगणाऱ्या सेन्सरची (मोजून निरोप देणाऱ्या भागाची) परतीची तार कुठे जाते?"

"एका बोल्टवर," पाना म्हणाला. "त्याच बोल्टवर आणखी एक जाड तार आहे. ती ऊबपेटीची. बोल्ट गंजलेला आहे आणि चिखलाने माखलेला आहे."

"पेटी बसवणाऱ्याने जवळचा बोल्ट बघून तार जोडून टाकली असणार आणि पावसाळ्यात तो गंजला," शैलजा पुटपुटल्या.

"शाळेत मधली सुट्टी झाली की काय होतं?" अण्णांनी विचारलं.

"सगळे एकदम दारातून धावतात."

"आणि त्याच वेळी एखादी मुलगी बाईंचा निरोप सांगायला त्याच दारातून चाललेली असली तर?"

गिरिजाच्या डोळ्यांपुढे ते दृश्य उभं राहिलं. "तिला धक्के बसतील. ती निरोपच विसरेल!"

"हीटरची वीज म्हणजे सुट्टी झालेला अख्खा वर्ग. सेन्सरची वीज म्हणजे ती एकटी मुलगी. गंजाने दार अरुंद झालंय आणि दोघांना एकच दार दिलंय."

पानाने हीटर तेवढ्यापुरता चालू करून बोल्ट आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामधला विजेचा दाब मोजला. तो जवळजवळ शून्य असायला हवा होता. तो शून्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. मग पानाने बोल्ट काढला, खालचं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, सेन्सरसाठी नवा बोल्ट बसवला आणि हीटरची जाड तार वेगळी काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेऊन जोडली. गाडीच्या संगणकातली जुनी नोंदही त्याने पुसली.

संधिप्रकाशात गाडी पुन्हा निघाली, हीटर जोरात घुमत असताना. दिवा हिरवा राहिला.

"झालं!" शैलजा म्हणाल्या. "पेटी तापवून ठेवते."

"अजून नाही," अण्णा म्हणाले. "जुनी जोडणी परत कर."

"अण्णा! आता चालतंय ना? कशाला बिघडवायचं?"

"बोल्ट घासताना एखादी सैल तार चुकून नीट बसली असेल आणि हिसका त्यामुळेच गेला असेल. मग तो वाटेत परत येईल, खरी अंडी आत असताना. बिघाड मुद्दाम परत आणता आला आणि परत घालवता आला, तरच तो सापडला म्हणायचं."

शैलजांनी एकदा आभाळाकडे, एकदा वडिलांकडे पाहिलं. मग त्यांनी पानाला मान हलवून खूण केली. जुना गंजका बोल्ट, जुनी जोडणी, आणि दिवा लाल. नवी जोडणी, आणि दिवा हिरवा. गिरिजाला आयुष्यात पहिल्यांदा लाल दिवा पाहून आनंद झाला.

सकाळी धुकं होतं तसंच होतं. तीन अंडी पेटीत ठेवली गेली आणि गिरिजा शेजारच्या बाकावर बसली. पेटी घुमत होती. घाटाच्या चढावर गाडीने दुसरा गिअर घेतला, मग उतारापलीकडे तिसरा. तो कधी पडला हे फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळलं. गिरिजाने मागच्या काचेवर बोटाने दव पुसलं आणि पठार मागे जाताना पाहिलं. अण्णा पुढच्या सीटवर झोपी गेले होते. गाडीचा आवाज ऐकत ऐकत त्यांना झोप लागली, यातच गाडी कशी चालली होती ते समजत होतं.

नव्या केंद्राच्या दारात कोणी बोललं नाही. अंडं फुटण्याआधीच आतलं पिल्लू बाहेरचे आवाज ऐकू लागतं, म्हणून तिथे सगळं खुणांनी चाले. राखाडी कपडे घातलेल्या एका बाईंनी अंडी घेतली आणि गिरिजाकडे पाहून तिच्या कानाला एक बारीक नळी लावली. दुसरं टोक अंड्याच्या कवचाला टेकलेलं होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून, फार लांबून आल्यासारखी, एक चिवचिव आली. गिरिजाने तोंडावर हात दाबून धरला.

तिन्ही पिल्लं जगली. गिरिजाने ती फक्त पडद्यावर पाहिली. काड्यांसारखे पाय, मोठे डोळे आणि सारखी किडे मागणारी चोच. पानाने गंजक्या बोल्टाची हकिगत देशभरच्या केंद्रांतल्या आपल्या भाईबंदांना कळवली, तेव्हा वाळवंटाकडच्या एका केंद्रातून उत्तर आलं, आमच्या गाडीलाही थंडीत हिसके बसतात, आम्ही गिअरबॉक्स मागवणार होतो, आता आधी तारा बघतो. अण्णांनी तो निरोप गिरिजाकडून दोनदा वाचून घेतला.

पुढच्या पावसाळ्यानंतर, गवत कमरेएवढं झाल्यावर, तिघांपैकी पहिली मादी माळावर सोडली. गिरिजा, आई आणि अण्णा लांबच्या टेकडीवरून दुर्बिणीने बघत होते. ती मान उंच करून उभी राहिली, चार पावलं चालली, थांबली आणि गवतात शिरली. गवत थोडं हललं आणि मग तेही थांबलं.

"आता शोधायची तिला?" गिरिजाने दुर्बीण खाली न घेताच विचारलं.

"नाही," शैलजा म्हणाल्या. "आता ती आपल्याला दिसली नाही, तरच तिचं बरं चाललंय असं समजायचं."

गिरिजाने तरी जरा वेळ वाट पाहिली. गवतावरून वारा गेला. माळ रिकामा दिसत होता, पण आता तो रिकामा नव्हता.